सिगारेट आणि छातीतले जंतू: सर्दी सगळ्यांना होते, छातीत माझ्याच का उतरते?

धुरंधर
वर्षात तिसऱ्यांदा छाती भरली आहे. आधी साधी सर्दी, दोन दिवसांत ती घशात, मग छातीत, मग पिवळा-हिरवा कफ, रात्री आडवं झालं की मांजर बसल्यासारखी घरघर आणि शेवटी अँटिबायोटिकचा कोर्स. कोर्स संपला की आठ-दहा आठवडे बरे जातात. घरात तीच सर्दी बाकीच्यांनाही होते, पण त्यांची नाकातच संपते.

वय ४७. गेली २४ वर्षं सिगारेट ओढतो, सध्या दिवसाला बारा-पंधरा. दोन वर्षांपूर्वी फुंकून करायच्या तपासणीत सीओपीडीची (श्वासनलिका अरुंद होत जाण्याच्या कायमच्या आजाराची) सुरुवात निघाली. एक इनहेलर आहे आणि श्वासनलिका सैल करणारी थिओफायलिनची गोळी.

कॅन्सर, हृदय वगैरे मला माहीत आहे, ते सांगून घेण्यासाठी धागा काढलेला नाही. प्रश्न सरळ आहे. जंतू सगळ्यांच्याच नाकातोंडात जातात. सिगारेटच्या धुरातून काही कोणी जंतू ओढत नाही, ती तर पेटलेली असते! मग धूर आणि जंतूंचं इन्फेक्शन यांचा संबंध काय? डॉक्टरांना विचारलं की "सोडा" एवढंच उत्तर येतं. सोडेन किंवा न सोडेन, आधी समजून तर घेऊ द्या.

वाचनमात्र
खुर्ची टाकून बसलो आहे. माझाही हाच प्रश्न.

सूक्ष्मदर्शी
मी डॉक्टर नाही, जीवाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते. कफाचे नमुने रोज हाताखालून जातात, त्यामुळे तुमचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

तुमचं एक बरोबर आहे. धूर सहसा जंतू आणत नाही. ते आधीच तिथे असतात. न्यूमोनियाचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार न्यूमोकोकस हा कितीतरी निरोगी माणसांच्या नाकाच्या मागच्या भागात काही त्रास न देता राहतो. झोपेत आपण सगळेच लाळेचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत ओढून घेतो. म्हणजे जंतू खाली उतरणं ही रोजची घटना आहे. खाली उतरल्यावर त्यांचं काय होतं, तिथे तुमच्यात आणि घरातल्या बाकीच्यांत फरक पडतो.

श्वासनलिकांना आतून पातळ श्लेष्माचा लेप असतो. त्याखालच्या पेशींवर रोमक, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, एकेका पेशीवर साधारण दोनशे. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि वरचा लेप हळूहळू घशाकडे ढकलतात, मिनिटाला काही मिलिमीटर. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी त्या लेपात अडकतात, घशाशी येतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. चोवीस तास चालणारी ही झाडलोट आहे आणि ती चालू आहे तोवर आपल्याला तिची जाणीवही नसते.

धुरातली अॅक्रोलिन, हायड्रोजन सायनाइड यांसारखी रसायनं रोमकांना मंद करतात. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांत रोमक आखूड होतात, काही ठिकाणी रोमकवाल्या पेशी जाऊन त्यांच्या जागी त्वचेसारख्या चपट्या पेशी येतात. तिथे झाडणारंच कोणी उरत नाही. आणि त्याच वेळी श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात. कचरा जास्त, झाडू कमी.

अजून एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. श्लेष्मा पातळ राहायला पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर यावं लागतं. त्यासाठी सीएफटीआर नावाची एक वाहिनी असते. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात हीच वाहिनी बिघडलेली असते आणि त्या मुलांच्या छातीत चिकट कफ व जंतू साचून राहतात. सिगारेटचा धूर निरोगी माणसातल्या याच वाहिनीचं काम कमी करतो. आजार तो नव्हे, पण बिघाड त्याच जातीचा, आणि हा विकत घेतलेला.

(मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, यांच्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहिते, हा लांबला.)

कफल्लक
"कचरा जास्त, झाडू कमी" हे माझ्या फुफ्फुसांचं अधिकृत ब्रीदवाक्य म्हणून घेतो.

धुरंधर, मी तुमच्या पुढच्या स्टेशनवरून बोलतोय. ब्रॉन्किएक्टेसिस आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल झाल्या आहेत. सिगारेट सोडून सहा वर्षं झाली. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर एक गोल काढून दिला होता. जंतू साचले की सूज, सुजेने नलिकेची भिंत आणि रोमक खराब, ते खराब झाले की कफ साचतो, साचलेल्या कफात पुन्हा जंतू. पीटर कोल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८०च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हापासून या आजाराच्या बाबतीत 'दुष्टचक्र' हाच शब्द चालतो. अँटिबायोटिक त्या गोलातला एकच तुकडा पुसतं. बाकीचा गोल तसाच. म्हणून तुमचे आठ-दहा आठवडे.

शंकासुर
सगळं छान, पण एक शंका. धागाकर्त्यांना सीओपीडी आहे. मग इन्फेक्शन सीओपीडीमुळे होतंय की सिगारेटमुळे? आजार नसलेल्या, तरण्याताठ्या ओढणाऱ्याला काय फरक पडतो? शिवाय ओढणाऱ्यांत दारू पिणारेही जास्त असतात, झोप-जेवणाची आबाळही असते. ते घटक कोणी वेगळे काढलेत का? की सगळं बिल सिगारेटच्या नावावर?

सूक्ष्मदर्शी
शंकासुरा, हा प्रश्न लोकांनी फार आधी विचारला आहे. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अटलांटा, बाल्टिमोर आणि टोरांटो या भागांतले १८ ते ६४ वयाचे रुग्ण. न्यूमोकोकस रक्तात किंवा एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागेत सापडलेले, म्हणजे गंभीरच, आणि प्रतिकारशक्ती बिघडवणारा दुसरा कुठलाही आजार नसलेले. असे २२८ रुग्ण आणि तुलनेला ३०१ निरोगी माणसं. रुग्णांपैकी ५८ टक्के त्या वेळी सिगारेट ओढत होते, निरोगी गटात २४ टक्के. इतर घटकांचा हिशेब वजा केल्यावरही ओढणाऱ्यांत शक्यता चौपटीच्या वर राहिली. आणि दिवसाला जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त, अशी चढती पायरीही दिसली. सगळ्या घटकांत सिगारेट सगळ्यात वरचढ निघाली.

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या) २००४च्या अहवालानेही तुमच्या नेमक्या शंकेला उत्तर दिलं आहे. सीओपीडी नसलेल्या माणसांतही धूम्रपान हे न्यूमोनियासकट तीव्र श्वसनविकारांचं कारण आहे, नुसता योगायोग नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आणि हो, त्या २००० सालच्या अभ्यासात स्वतः न ओढणारे पण दुसऱ्याच्या धुरात राहणारे लोकही होते. त्यांच्यात अडीच पट.

शंकासुर
चौपट मान्य. दुसऱ्याच्या धुराने अडीच पट हे मात्र पचायला वेळ लागेल.

तिन्हीसांज
मला नाही लागणार. मुलगा चार वर्षांचा. दीड वर्षात पाच वेळा कान फुटला आहे. नवरा "मी बाल्कनीत ओढतो" म्हणतो, दारही लावून घेतो. कानाचा आणि धुराचा संबंध असतो का, की मी उगाच भांडतेय?

सूक्ष्मदर्शी
संबंध आहे, आणि चांगला सिद्ध झालेला आहे. मधल्या कानापासून नाकाच्या मागे एक नळी जाते. तिलाही तसंच रोमकांचं अस्तर असतं, ती फुफ्फुसाच्याच घराण्यातली. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे आधीच चटकन तुंबते. धुराने अस्तर सुजलं की अजून. मधल्या कानाची इन्फेक्शन्स, ब्राँकायटिस, न्यूमोनिया हे सगळं घरात धूर असलेल्या लहान मुलांत जास्त दिसतं. बाल्कनीने धूर कमी होतो, संपत नाही. सर्जन जनरलचा २००६चा अहवाल पूर्ण याच विषयावर आहे आणि त्यात सुरक्षित अशी पातळी नाही असंच म्हटलंय. मुलाच्या कानाला अर्थात इतरही कारणं असू शकतात, पाच वेळा झालंय तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवाच.

तिन्हीसांज
दाखवलंय. हा प्रतिसाद मात्र आता नवऱ्याला दाखवते.

सूक्ष्मदर्शी
ठरल्याप्रमाणे मॅक्रोफेज.

झाडलोट चुकवून जे जंतू पार खालच्या वायुकोशांपर्यंत जातात त्यांना गिळायला तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात खारट पाणी सोडून ते परत खेचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर या पेशी कमी नाहीत, उलट कितीतरी पट जास्त दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, अरे वा, फौज तर मोठी आहे! मग बाईंनी भिंग वाढवून दाखवलं. पेशींच्या पोटात तपकिरी-काळे कण भरलेले. पोट धुराच्या काजळीने भरलेलं. सीओपीडी असलेल्यांच्या अशा पेशींना प्रयोगात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जीवाणू दिला तर त्या तो नीट गिळत नाहीत. मेलेल्या पेशी उचलणं हे त्यांचं दुसरं काम, तेही मंदावतं. मग त्या सडतात आणि सूज आणखी वाढते.

इथे त्या जीवाणूच्या नावाबद्दल थोडं अवांतर. १८९२ साली रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत हा सापडला आणि हाच फ्लूचं कारण असं त्यांना वाटलं, म्हणून नावात 'इन्फ्लुएन्झा'. पुढे १९३०च्या दशकात माणसातला फ्लूचा विषाणू सापडला, चूक कळली, नाव तसंच राहिलं. पण पूर्ण चूकही नव्हती. फ्लूने अस्तर सोलून निघालं की मागून जीवाणू घुसतात. १९१८च्या साथीतले बहुतेक मृत्यू या मागून आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, हे त्या वेळच्या जतन केलेल्या फुफ्फुसांच्या तुकड्यांवरून नंतर दाखवलं गेलं. धुरंधर, तुमची सर्दी दोन दिवसांत छातीत उतरते ती याच वाटेने. विषाणू वाट मोकळी करतो, पण तुमच्याकडे ती आधीपासूनच निम्मी मोकळी आहे.

अजून एकच सांगते. न्यूमोकोकस आणि हा हिमोफिलस, दोघांच्या अंगावर फॉस्फोरिलकोलीन नावाचा एक रेणू असतो. आपल्या पेशींवर पीएएफ रिसेप्टर नावाची एक कडी असते, ती खरं तर आपल्याच एका रेणूसाठी. जंतूंचा रेणू त्याच्याशी इतका मिळताजुळता की त्यांना ती कडी धरून लटकता येतं. आणि ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेत या कड्यांची संख्या वाढलेली असते.

वाचनमात्र
म्हणजे झाडू मोडला, पहारेकऱ्याचं पोट भरलं आणि चोराला लटकायला भिंतीला कड्या लावल्या. बापरे.

शंकासुर
मी मात्र उलट ऐकलं आहे. काही फुफ्फुसाचे आजार ओढणाऱ्यांना *कमी* होतात. कुजलेल्या गवताच्या बुरशीने शेतकऱ्यांना होतो तो एक. खोटं आहे का?

सूक्ष्मदर्शी
खरं आहे! बुरशी, पक्ष्यांची पिसं, विष्ठा यांच्या कणांविरुद्ध शरीर अति चवताळतं तेव्हा हा आजार होतो. ओढणाऱ्यांत तो कमी दिसतो. पण कमी का? तर चवताळण्याची यंत्रणाच बोथट झालेली असते. तीच यंत्रणा जंतूंविरुद्धही हवी असते ना. घरातला कुत्रा भुंकत नाही म्हणून शेजारी खूश असतील, पण तो चोरावरही भुंकत नाही. शिवाय ओढणाऱ्याला तो आजार झालाच तर चिवट होतो.

शंकासुर
हे उत्तर आवडलं. शस्त्र म्यान.

मुक्काम पोस्ट
अशी कोणी सिगारेट सोडत नाही. मी हॉस्टेलमध्ये असताना

मुक्काम पोस्ट
अर्धाच गेला प्रतिसाद, जाऊ दे.

गोळीमास्तर
औषधांच्या दुकानात उभा असतो, त्यामुळे माझी बाजू कोर्सवाल्यांची.

कफाचा हिरवा रंग दाखवून लोक थेट अँटिबायोटिक मागतात. हिरवा रंग जंतूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त एन्झाइम असतं, तेच हिरवं असतं. पेशी खूप जमल्या आणि फुटल्या की कफ हिरवा. विषाणूंच्या ब्राँकायटिसमध्येही होतो, आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग जवळपास नाही. पण सीओपीडीवाल्यांसाठी गणित वेगळं. त्यांच्यासाठी अँथोनिसेन यांच्या १९८७च्या अभ्यासापासून डॉक्टर तीन गोष्टी एकत्र बघतात: दम वाढला का, कफाचं प्रमाण वाढलं का, कफ पूमय झाला का. तिन्ही असतील तर अँटिबायोटिकचा फायदा ठळक. तेव्हा धुरंधर, तुमच्या डॉक्टरांनी दिलेले कोर्स वायफळ नसावेत. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं मात्र वायफळ आणि घातक.

धूर आणि जंतू यांचं आणखी एक आहे, सूक्ष्मदर्शी दुरुस्ती करतीलच. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियसला धुराच्या अर्कात वाढवलं की तो जास्त चिकट थर, म्हणजे बायोफिल्म करतो. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही.

सूक्ष्मदर्शी
दुरुस्ती नाही, पुष्टी. फक्त ते काचेच्या भांड्यातलं आहे, माणसाच्या छातीत किती प्रमाणात घडतं हा वेगळा प्रश्न.

सीओपीडीबद्दल भर: २००२ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या डॉक्टरांनी ८१ रुग्णांच्या कफाचे नमुने दर महिन्याला घेतले, चार वर्षांहून जास्त काळ. जुनाच जंतू आहे की त्याच जातीचा *नवा वाण* आला, हे रेणूंच्या पातळीवर तपासलं. नवा वाण आला त्या भेटींपैकी ३३ टक्क्यांत आजार उसळलेला होता, नाही तर १५.४ टक्क्यांत. म्हणजे "मागच्या वेळचाच जंतू पुरता मेला नाही" ही समजूत नेहमी खरी नसते. दर वेळी नवा पाहुणा, घर तेच.

कफल्लक
माझ्याकडे एक पाहुणा कायमचा राहायला आला आहे, स्यूडोमोनास नावाचा जीवाणू. तो सहसा बऱ्याच खराब झालेल्या फुफ्फुसांत येतो आणि आला की जाता जात नाही. तोंडाने घ्यायची फार थोडी औषधं त्याच्यावर चालतात. धुरंधर, घाबरवत नाही, पण त्याची माझी ओळख झाली नसती तर बरं झालं असतं.

धुरंधर
सगळ्यांचे आभार. खरंच पहिल्यांदा कोणी नुसतं "सोडा" न म्हणता सांगितलं. दोन प्रश्न. एक, क्षयाचा काही संबंध? माझ्या ऑफिसात एकाला निघाला आहे. दोन, पहिली सिगारेट ओढली की सकाळी कफ सुटतो, मोकळं वाटतं. सोडली तर तो आत अडकून बसणार नाही का? (हसू नका.)

सूक्ष्मदर्शी
क्षयाचा संबंध थेट आहे. क्षयाचा जंतू गिळला गेल्यावर मॅक्रोफेजच्याच पोटात मुक्काम करतो. त्याला मारायचं की कोंडून ठेवायचं हे त्या पेशीच्या तब्येतीवर ठरतं. काजळीने भरलेल्या पेशीला ते जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार ओढणाऱ्यांना क्षयाचा आजार होण्याचा धोका दोन ते अडीच पट. उपचारानंतर तो उलटण्याची शक्यताही जास्त. सहकाऱ्यासोबत बंद खोलीत बराच वेळ जात असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, तपासणी करून घ्या.

लेजिओनेलाही असाच, मॅक्रोफेजमध्ये राहणारा. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात अचानक न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हा जंतू सापडला. तो पाण्याच्या यंत्रणांतून, तुषारांतून येतो, आणि धूम्रपान हा त्याचाही ठरलेला धोका-घटक.

दुसऱ्या प्रश्नाला कफल्लक उत्तर देतील, त्यांचा अनुभव मोठा.

कफल्लक
हसणार कसा, मी हेच कारण सांगून नऊ वर्षं ओढली. धूर नलिकेतल्या मज्जातंतूंना टोचतो, म्हणून खोकला उठतो, म्हणून रात्रभर साचलेलं बाहेर पडतं. ज्याने तुंबवलं त्यानेच ढोसून थोडं काढलं, आणि आपण त्याचे आभार मानायचे.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला *वाढू* शकतो. माझा वाढला होता. रोमक पुन्हा कामाला लागतात आणि जुना माल वर यायला लागतो. बरेच जण इथेच घाबरून परत सुरू करतात, कारण "ओढत होतो तेव्हा इतका खोकला नव्हता". ही सुधारणा काही आठवड्यांत सुरू होते, पुरी व्हायला काही महिने जातात. ज्या नलिका माझ्यासारख्या रुंदावल्या त्या परत येत नाहीत, तुमच्या बहुधा तिथवर गेल्या नसाव्यात. कफ काढायला दीर्घ श्वास आणि हुंकारून श्वास सोडण्याचे व्यायाम असतात, श्वसनाच्या फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिका, व्हिडिओवरून नको.

गोळीमास्तर
लस राहिली. न्यूमोकोकसची लस म्हाताऱ्यांचीच, अशी समजूत आहे. अमेरिकेच्या लसीकरण समितीने २००८ साली १९ ते ६४ वयाच्या ओढणाऱ्यांनाही ती द्यावी असं सांगितलं, केवळ ते ओढतात म्हणून. सीओपीडी असेल तर कारण दुहेरी. सोबत दरवर्षी फ्लूची. आणि इनहेलरमध्ये स्टेरॉइड आहे का ते बघून ठेवा. सीओपीडीत त्याने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना विचारा की त्याचा तुम्हाला फायदा आहे ना.

चष्मेबद्दूर
एक राहिलं. वडिलांना न्यूमोनिया झाला, बरा झाला, आम्ही खूश. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं होतं, आम्ही "बरे तर आहेत" म्हणून नाही काढला. न्यूमोनियाच्या सावलीमागे गाठ होती. ओढणाऱ्या आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा तो एक्स-रे चुकवू नका. बास, एवढंच लिहायला लॉगिन केलं.

वाचनमात्र
:( वडील कसे आहेत आता?

चष्मेबद्दूर
नाहीत.

ई-ढगोबा
मी ई-सिगारेटवर आलोय. काजळी नाही, राख नाही. मग हे सगळं मला लागू नाही ना?

सूक्ष्मदर्शी
जळण नाही, त्यामुळे रसायनं बरीच कमी, हे खरं. पण वर ज्या पीएएफच्या कडीबद्दल लिहिलं, ती प्रयोगशाळेत ई-सिगारेटची वाफ दिलेल्या पेशींवरही वाढली आणि न्यूमोकोकस जास्त चिकटले. "लागू नाही" असं म्हणता येत नाही.

धुरंधर
धागा वर काढतोय. तेवीस दिवस झाले, एकही नाही. (टाळ्या नकोत, काल रात्री पाकीट विकत घेऊन पुन्हा टाकून दिलं.) सहकाऱ्यामुळे क्षयाची तपासणी केली, निगेटिव्ह. न्यूमोकोकसची लस घेतली. कफल्लक म्हणाले तसंच, खोकला आधीपेक्षा जास्त आहे, राखाडी ठिपक्यांचा कफ पडतो. घाबरलो नाही कारण आधी वाचलं होतं.

पण गेले दहा दिवस मळमळ, छातीत धडधड, हात थरथरतात, रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. निकोटीन सुटल्याचं असेल ना? पॅच लावतोय तरी. किती दिवस चालतं हे?

कफल्लक
तेवीस! मला पहिल्या प्रयत्नात अकरा जमले होते. चिडचिड, झोप उडणं हे निकोटीनचं असतं, माझंही होतं. मळमळ आणि धडधड मात्र मला आठवत नाही.

गोळीमास्तर
धुरंधर, थांबा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही थिओफायलिन लिहिलंय. अजून चालू आहे? तोच डोस?

सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात, ते थिओफायलिन भराभर संपवतं. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. सिगारेट सुटली की आठवडाभरात ते एन्झाइम उतरायला लागतं आणि तोच डोस अंगावर येतो. मळमळ, धडधड, थरथर, झोप उडणं ही सगळी त्याचीच लक्षणं असू शकतात. पॅचचा इथे संबंध नाही, एन्झाइम निकोटीनने नाही, धुराने वाढतं. मधल्या काळात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तर अजून वाईट, त्याने थिओफायलिनची पातळी आणखी चढते.

आजच डॉक्टरांना फोन करा. सोमवारची वाट बघू नका. धडधड वाढली, उलट्या सुरू झाल्या तर सरळ इमर्जन्सीत जा. आणि कृपा करून "सिगारेट सोडल्यावर त्रास झाला" म्हणून परत ओढू नका.

धुरंधर
तोच डोस चालू आहे. सोडली हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, महिना झाला की सांगू म्हटलं. सिप्रो नाही घेतलं.

फोन केला. आजची रात्रीची गोळी घेऊ नका म्हणाले, उद्या सकाळी आठला रक्तातली पातळी तपासायला आणि ईसीजीला बोलावलंय.

गोळीमास्तर
रिपोर्ट आला की इथे लिहा.